३१ मे येण्याआधी आणि नंतर: शासकीय सेवेतून निवृत्त होणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ३१ मे हा दिवस निरोप समारंभांचा असतो. आमच्या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली. नियम असा आहे की ज्या महिन्यात वयाची ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. मात्र जन्म एक तारखेचा असेल तर निवृत्ती आधीच्या महिन्याच्या अखेरीस येते. गट ड मधील कर्मचाऱ्यांसाठी वयोमर्यादा ६० वर्षांची आहे. माझी आई सांगे की मी ऐन आषाढात जन्मलो, पण सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, १ जून १९६४ लागली आणि त्या तारखेच्या हिशेबाने मी ३१ मे २०२२ रोजी निवृत्त झालो. जुलैची वार्षिक वेतनवाढ एका महिन्याने हुकली. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना आता ती निवृत्तिवेतनाच्या हिशेबात काल्पनिकरीत्या धरून मिळते, हे वाचले की आजही जिवाला थोडे लागते.

साताऱ्यात आस्थापना शाखेच्या टेबलावर मी अनेक वर्षे इतरांची निवृत्तिवेतन प्रकरणे तयार केली. त्या अनुभवावरून आणि स्वतःच्या चुकांवरून हे लिहीत आहे. जे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आले आणि ज्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे, त्यांना यातील कागदपत्रांचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल. त्या तारखेनंतर सेवेत आलेल्यांचे आर्थिक गणित वेगळे आहे, पण सेवापुस्तक आणि घर ही दोन प्रकरणे त्यांनाही चुकलेली नाहीत.

दोन वर्षे आधी: सेवापुस्तक

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांनुसार निवृत्तिवेतनाची तयारी सुमारे दोन वर्षे आधी सुरू व्हावी आणि प्रकरण सहा महिने आधी महालेखापाल कार्यालयाकडे जावे, अशी अपेक्षा आहे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आदी भागांची प्रकरणे मुंबईला जातात, विदर्भ व मराठवाड्याची नागपूरला. प्रत्यक्षात शेवटच्या तीन महिन्यांत धावाधाव होते. याचे कारण असे की निवृत्त होणाऱ्याला वाटते टेबलावरचा लिपिक पाहील, आणि लिपिकाला वाटते साहेब स्वतःच सांगतील. म्हणून आपले सेवापुस्तक आपणच मागावे आणि एखाद्या दिवशी, कार्यालय शांत असताना, पहिल्या पानापासून वाचावे.

वाचताना पुढील गोष्टींवर बोट ठेवून थांबावे. नाव सर्वत्र एकसारखे आहे का, विशेषतः महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत लग्नानंतरच्या नावबदलाची नोंद आणि राजपत्राची प्रत आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. नंतर स्थायित्व प्रमाणपत्र, मराठी व हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची किंवा त्यांतून सूट मिळाल्याची नोंद, विभागीय परीक्षा आणि संगणक अर्हता यांची पाने शोधावीत. संगणक परीक्षा मुदतीत उत्तीर्ण न झाल्यामुळे दिलेल्या वेतनवाढी वीस वर्षांनी वसूल करण्याचा शेरा येतो, तो याच नोंदीवरून. दर वर्षीच्या सेवा पडताळणीचा शेरा एखाद्या वर्षी राहिलेला असतो, आणि ते वर्ष बहुधा बदलीचे असते. जुने कार्यालय चालू असेपर्यंत ही दुरुस्ती एका पत्राने होते. कार्यालय बंद झाले किंवा दुसऱ्यात विलीन झाले की जुनी वेतन देयके शोधायला रद्दीच्या खोलीत उतरावे लागते. मी एका शिपाईमामांसाठी अशा खोलीत दोन दिवस काढले आहेत. ज्या गठ्ठ्यात त्यांचे आठ महिने सापडले, त्याचा खालचा निम्मा भाग वाळवीने खाल्लेला होता.

त्यानंतर १९९६, २००६ आणि २०१६ च्या वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती तपासाव्यात आणि पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे पाठवून शिक्का घ्यावा. पथकाने जादा प्रदान, म्हणजे चुकून जास्त दिलेले वेतन, काढले, तर घाबरून लगेच चलन भरू नये. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले की गट क व ड मधील कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही. परंतु वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असे वचनपत्र दिलेले असेल, तर हा आधार लंगडा पडतो; २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने जगदेव सिंग प्रकरणात तसे म्हटले आहे. वेतननिश्चितीच्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी तसे वचनपत्र न वाचता सही करून दिलेले असते. म्हणून वसुलीचा शेरा निघणारच असेल, तर तो दोन वर्षे आधी निघालेला बरा. उत्तर द्यायला वेळ मिळतो आणि उपदान (ग्रॅच्युइटी) अडकत नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक विवरणपत्रांचेही तसेच आहे. प्रत्येक वर्षाच्या बारा वर्गण्या मोजाव्यात. १९९७ मध्ये माझी बदली झाली तेव्हाच्या तीन महिन्यांच्या वर्गण्या माझ्या खात्यात कधीच आल्या नव्हत्या. इतरांची विवरणपत्रे तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे पंचवीस वर्षे उघडून पाहिले नाही, आणि पाहिले तेव्हा पत्रव्यवहारात चौदा महिने गेले. शेवटच्या तीन महिन्यांत निधीची वर्गणी बंद होते. अंतिम प्रदानाचा अर्ज त्याच सुमारास द्यावा. गट विम्याची रक्कम आणि शिल्लक अर्जित रजेचे, कमाल ३०० दिवसांपर्यंतचे, रोखीकरण ही दोन प्रकरणे वेगळी चालतात आणि गर्दीत मागे पडतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना भरताना घाई करू नये. पती किंवा पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरील नोंद अक्षरशः जुळली पाहिजे. घरात दिव्यांग अपत्य असेल तर त्याची नोंद वैद्यकीय प्रमाणपत्रासह आपण हयात असतानाच करून घ्यावी, कारण त्याला पुढे मिळू शकणारे कुटुंब निवृत्तिवेतन या एका नोंदीवर उभे असते. निवृत्तिवेतनाचे बँक खाते जोडीदारासह संयुक्त ठेवावे.

पैशाचे गणित

निवृत्तीच्या वेळी एकदम हाती येणारी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी असते, आणि दरमहा येणारी रक्कम त्याच वेळी निम्म्याहून खाली उतरते. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडत असल्यामुळे माणसाचा अंदाज चुकतो. निवृत्तिवेतन अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, त्यावर महागाई वाढ मिळते, पण घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता जातात. सेवानिवृत्ती उपदान जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांच्या वेतनाइतके मिळते. मी निवृत्त झालो तेव्हा त्याची कमाल मर्यादा १४ लाख रुपये होती. १ सप्टेंबर २०२४ पासून ती २० लाख झाली आहे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न अंशराशीकरणाचा, म्हणजे बोलीभाषेत ‘पेन्शन विकण्याचा’, असतो. एक उदाहरण घेऊ. अखेरचे मूळ वेतन ७०,००० असेल तर निवृत्तिवेतन ३५,००० रुपये होते. त्याचा ४० टक्के भाग, म्हणजे १४,००० रुपये, विकता येतो. पुढील वाढदिवशी ५९ वर्षे होणाऱ्यासाठी कोष्टकातील गुणक ८.३७१ आहे, त्यानुसार १४,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१ म्हणजे १४,०६,३२८ रुपये एकदम मिळतात. त्या बदल्यात १५ वर्षे दरमहा १४,००० कमी येतात, ज्यांची बेरीज २५,२०,००० होते. पंधरा वर्षांनी पूर्ण निवृत्तिवेतन पुन्हा सुरू होते. महागाई वाढ मात्र मधल्या काळातही मूळ ३५,००० वरच मिळत राहते, हे अनेकांना ठाऊक नसते.

हिशेब केला तर हा व्यवहार सुमारे पावणेनऊ टक्के व्याजाने घेतलेल्या कर्जासारखा पडतो. फरक एवढाच की निवृत्तिवेतनधारकाचे मध्येच निधन झाले तर उरलेली कपात कुटुंबाकडून होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाला तिची झळ लागत नाही. शिवाय शासकीय कर्मचाऱ्याला मिळणारी ही रक्कम आयकरातून मुक्त आहे. माझे मत असे की घराचे कर्ज शिल्लक असेल, मुलीचे शिक्षण व्हायचे असेल किंवा प्रकृती साथ देत नसेल, तर विकावे. केवळ ‘सगळेच विकतात’ म्हणून विकून ती रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे, आणि मुलाच्या नव्या धंद्यासाठी विकायचे असेल तर आधी तो धंदा दोन वर्षे चालू द्यावा.

आलेले पैसे ठेवायचे कुठे, याचे साधे उत्तर टपाल कार्यालयात किंवा बँकेत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना हे आहे. येथे ५८ वर्षांच्या माणसाची एक अडचण होते. बँकेच्या दृष्टीने तो अजून ज्येष्ठ नागरिक नसतो, त्यामुळे मुदत ठेवीवर जादा अर्धा टक्का मिळण्यासाठी त्याला दोन वर्षे थांबावे लागते. परंतु या योजनेत ५५ ते ६० वयोगटातील निवृत्त व्यक्तीला निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांच्या रकमेपर्यंत, खाते उघडता येते. माझ्या वेळी ही मुदत एकाच महिन्याची आणि गुंतवणुकीची मर्यादा १५ लाखांची होती. एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख झाली आहे. व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येते, पाच वर्षांनी मुदत वाढवता येते. उपदान खात्यात जमा झाल्याच्या तारखेचा कागद जपून ठेवावा, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातात.

दोन सवयी नोकरीत असतानाच लावून घ्याव्यात. शेवटच्या वर्षी निवृत्तिवेतनाचा अंदाजे आकडा काढावा आणि सहा महिने तेवढ्याच रकमेत घर चालवून पाहावे. उरलेला पगार दुसऱ्या खात्यात टाकावा. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा तिसऱ्या महिन्यात लग्नसराई आली आणि आहेराच्या पाकिटांनी सगळा अंदाज मोडला, पण त्यामुळेच तो खर्च कागदावर आला. दुसरी सवय म्हणजे चार महिन्यांचा खर्च बचत खात्यात वेगळा ठेवणे. निवृत्तिवेतन प्रदान आदेश आल्यावरही कोषागारात प्रत्यक्ष जाऊन ओळख पटवावी लागते आणि पहिले निवृत्तिवेतन यायला दोन-तीन महिने सहज लागतात. विलंब होत असेल तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद नियमांत आहे. कार्यालयप्रमुखांकडे तिची लेखी मागणी करावी.

आरोग्य विमा नोकरी चालू असतानाच घ्यावा, कारण मधुमेह किंवा रक्तदाब नोंदला गेल्यावर विमा कंपनी प्रतीक्षा काळ लावते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला, असे समजू नये.

पहिले वर्ष

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळते. निवृत्त माणसाला घड्याळ का देतात, हे मला अजून समजलेले नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जूनला, माझा कागदोपत्री वाढदिवस होता आणि मी सवयीने सव्वानऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. पत्नीने डबा भरलेला नव्हता. तिने वर पाहिले, हसली नाही, फक्त म्हणाली, “अहो, बसा ना.” मी बसलो, आणि साडेदहापर्यंत दोन वर्तमानपत्रे जाहिरातींसह संपवली.

पहिल्या महिन्यात माणूस घराची फेररचना करू लागतो. आयुष्यभर नस्ती (फाइली), अनुक्रमांक आणि सूची यांत घालवल्यामुळे मी स्वयंपाकघरातील डबे काढले, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली आणि डाळी एका फळीवर, पिठे दुसऱ्या फळीवर अशी मांडणी केली. तुरीच्या डाळीचा डबा ओट्यापासून सहा फूट दूर गेला. तिने दोन दिवस काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरून आलो तेव्हा सगळे डबे जुन्या जागी होते, माझ्या चिठ्ठ्यांसह. फक्त ‘मूग’ लिहिलेल्या डब्यात आता साखर होती. तीस-पस्तीस वर्षे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात हे घर ज्यांनी एकटीने चालवले, त्यांच्या राज्यात आपण नव्याने रुजू झालो आहोत आणि आपली सेवाज्येष्ठता तेथे शून्यापासून मोजली जाणार आहे, हे मान्य केले की पुढचे बरेच सोपे जाते. तिच्या दुपारच्या झोपेची वेळ, भिशीचा दिवस, मैत्रिणींचे फोन, दूरचित्रवाणीवरील मालिका यांत हात घालू नये. चहा स्वतः करता येत नसेल तर निवृत्तीपूर्वीच शिकून घ्यावा.

त्याऐवजी घरातील एखादे काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. ‘मदत’ म्हणून अर्धवट करू नये. मी दळणाचे काम घेतले. वाटले होते, डबा गिरणीत ठेवायचा आणि आणायचा. पण ज्वारीचे दळण ज्वारीवरच दळून घ्यायचे, गव्हाच्या पाठीवर घेतले तर भाकरी नीट थापता येत नाही. भाजणी शेवटी द्यायची. पिठाचा डबा गरम असताना झाकण लावायचे नाही, घाम धरतो. हे सगळे शिकायला मला पावसाळा गेला. त्या रांगेत भेटणारी माणसे ही माझी कार्यालयाबाहेरची पहिली ओळख.

सकाळी ठरल्या वेळी उठणे आणि घराबाहेर पडणे सोडू नये. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढणाऱ्यांत निम्मे लोक निवृत्त असतात. सुरुवातीला त्यांच्यातही एकमेकांना जुन्या हुद्द्याने हाक मारण्याची पद्धत दिसते: कोणी तहसीलदार साहेब, कोणी हेडमास्तर. सहा-आठ महिन्यांत दम लागण्याच्या क्रमाने नवी ज्येष्ठता लागते आणि हुद्दे गळून पडतात. ज्यांचे हुद्दे गळत नाहीत, ते बहुधा जुन्या कार्यालयात वारंवार जाऊन बसतात. एकदा, कागदपत्रांसाठी, अवश्य जावे. दुसऱ्यांदा गेल्यावर चहा येतो, तिसऱ्यांदा गेल्यावर सगळे कामात असतात. फोनवर कोणी जुनी नस्ती विचारली तर मात्र मनापासून सांगावे.

पहिल्या वर्षात मोठे निर्णय टाळावेत. घर विकणे, मुलाकडे पुण्याला किंवा परदेशी कायमचे जाणे, भावकीला उसने देणे, जामीन राहणे, हे सर्व बारा महिन्यांनी ठरवावे. पैसे आले आहेत ही बातमी आपल्याआधी नातेवाइकांपर्यंत पोहोचलेली असते. “सगळे पाच वर्षांसाठी अडकवले आहेत” हे उत्तर खरे असेल तर ते देणे सोपे जाते, आणि हे पाच वर्षांच्या योजनेचे एक न छापलेले वैशिष्ट्य आहे. गावी जाऊन शेती करण्याचा विचार असणाऱ्यांनी आधी एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा तेथे राहून पाहावे. मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेले गाव आणि जुलैमध्ये आठ दिवस वीज नसलेले, दवाखाना वीस किलोमीटरवर असलेले गाव यांत फार अंतर असते.

याच काळात फसवणुकीचे फोन येऊ लागतात. ‘कोषागारातून बोलतो, हयातीचा दाखला अद्ययावत करायचा आहे’ असे म्हणून पलीकडची व्यक्ती आपले नाव, निवृत्तीची तारीख आणि प्रदान आदेशाचा क्रमांकसुद्धा सांगते आणि शेवटी मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक मागते. कोषागार असा क्रमांक कधीही मागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागण्याची शक्यता असते.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. कोषागार बँकांकडे याद्या पाठवते आणि आपण शाखेत जाऊन नावासमोर सही करतो; किंवा २०१४ पासून सुरू झालेल्या जीवन प्रमाण पद्धतीने घरबसल्याही तो देता येतो. मी पहिल्या नोव्हेंबरला पत्नीला मुद्दाम बरोबर नेले, यादी कुठे असते ते दाखवले, आणि घरी येऊन प्रदान आदेश, पासबुके, विमा आणि नामनिर्देशनाच्या प्रतींची फाइल तिच्यासमोर ठेवून प्रत्येक कागद कशासाठी आहे ते समजावू लागलो. तिने चष्मा लावला, पहिलेच पान वाचले आणि विचारले, “माझी जन्मतारीख बारा ऑगस्ट कधीपासून झाली?” खरी तारीख एकवीस होती. नमुना मी स्वतःच्या हस्ताक्षरात भरला होता. दुरुस्तीचा प्रस्ताव कार्यालयामार्फत मुंबईला गेला आणि साडेचार महिन्यांनी सुधारित पत्र आले. तोपर्यंत फाइल तिने स्वतःच्या कपाटात हलवली होती.